फौजदारासोबतचा हिवाळा

लेक गेल्यावर सलूनवाल्या मामांना सर्वांत जास्त चीड कशाची आली असेल, तर सांत्वनाची. धंदाच असा, की गळ्याभोवती कापड गुंडाळलं की माणसाला कंठ फुटतो. पूर्वी मामाही गप्पांत कुणाला हार जात नसत. आता गिऱ्हाईक आरशातून बघत म्हणायचं, "मामा, चांगली माणसं देवाला लवकर लागतात." मामा कात्री थांबवून म्हणायचे, "मग तुम्हाला काही काळजी नाही. मान खाली करा."

लेक मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. एका संध्याकाळी पोटात कळा यायला लागल्या म्हणून मामी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने गॅस आहे म्हणून गोळ्या लिहून दिल्या. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं होतं. मामा त्या वेळी दुकानात कुणाची तरी दाढी करत होते. तेव्हापासून ते डॉक्टरवर चिडलेले होते, आणि त्याहून जास्त मामीवर. 'तू तिथे होतीस, मग ठासून का बोलली नाहीस?' हे त्यांनी तोंडाने कधी विचारलं नाही. ताट आपटून, दार आपटून विचारत राहिले.

मागे उरला लेकीचा कुत्रा. बसडेपोमागून तिनेच उचलून आणलेला, एक कान तुटका. येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतल्याशिवाय सोडत नसे, म्हणून नाव फौजदार. छत्र्या, सायकली, पोस्टमन, सगळ्यांशी त्याचं हाडवैर. मामांचं त्याच्याशी कधी जमलं नाही. लेक हसायची, "बाबा, तुमचा नि त्याचा स्वभाव एकच, म्हणून पटत नाही."

थंडी पडली तसा फौजदार भल्या सकाळी दाराशी बसून कुईकुई करायला लागला. ही लेकीबरोबर फिरायची वेळ. मामी पांघरुणातून बाहेर येईना. शेवटी मामाच कानटोपी चढवून, शिव्या पुटपुटत पट्टा हातात घेऊन निघाले.

धुकं इतकं, की शाळेची भिंत अंगावर आल्यावरच दिसत होती. वळणावर शेजारचे निवृत्त हेडमास्तर मफलर गुंडाळून उभे. "मामा, सावरा आता. किती दिवस असं..." एवढं म्हणेपर्यंत फौजदार त्यांच्यावर असा काही भुंकला, की हेडमास्तर दोन पावलं मागे सरून कुंपणाला टेकले. एरवी मामांनी त्याला दटावलं असतं. त्या दिवशी पट्टा तेवढा आवळून धरला. पुढे गेल्यावर म्हणाले, "बरं केलंस."

कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं जरासं हललं. मग रोजच निघू लागले. नाकाचा शेंडा बधिर व्हायचा, बोटं बाहीत लपवावी लागायची, आणि मामा चालता चालता सगळ्या जगाचा उद्धार करायचे. डॉक्टर, देव, नातेवाईक, कुणी सुटत नसे. फौजदार उपदेश करत नसे. दिव्याच्या खांबाशी पाय वर करायचा आणि पुढे ओढायचा. त्याच्यामागे चालताना मामांची झोप परत आली, जेवण गोड लागायला लागलं. राग मात्र तसाच होता.

डॉक्टरही सकाळी फिरायला येत. मामा दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जात. एके दिवशी मामांनीही रस्ता ओलांडला.

"रोज बाजू बदलता. कुत्र्याला भिता, का मला?"

"दोघांनाही," डॉक्टर म्हणाले. आवाज बसलेला होता.

"एकच सांगा. तिच्या पोटाला हात लावून बघितलं होतं?"

डॉक्टरांची नजर बुटांवर गेली. "नाही. बाहेर रांग होती. मी तिला नीट बघितलंच नाही."

मामांच्या हाताची मूठ वळली. पण ते मारायला धजले नाहीत, माफ करायलाही नाहीत. "हे कायम लक्षात ठेवा," एवढं म्हणून वळले.

मामी स्वयंपाकघरात होती. "त्याने हातसुद्धा लावला नव्हता," मामा म्हणाले.

"मला माहीत आहे." मामीने गॅस बंद केला. "मी तिथेच होते ना. मी म्हणाले, एकदा तपासून बघा. तो म्हणाला, बाई, डॉक्टर तुम्ही की मी? तुम्ही मला कधी विचारलंत? सगळा हिवाळा तुमचाच राग घरभर. माझा कुठे ठेवू मी?"

कायम खाली मान घालून वावरणारी बायको त्यांच्या नजरेला नजर भिडवून उभी होती, रागाने. मामांनी कानटोपी काढली. म्हणाले, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," मामी म्हणाली, आणि त्या दिवशी परत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कानटोपी शोधत होते, तर मामी लेकीचा जाड स्वेटर घालून, बुटांच्या नाड्या बांधत उंबऱ्यावर बसलेली. पट्टा तिने स्वतःच्या हातात घेतला. डेपोच्या रस्त्याला लागताच ती बोलायला लागली, त्या डॉक्टरला, त्याच्या रांगेला, मामांना, सगळ्यांना मनसोक्त शिव्या देत. मामा ऐकत होते. तिची चाल इतकी झपाट्याची होती, की धुक्यात मागे पडू नये म्हणून त्यांना जवळजवळ पळावं लागलं.