भाऊजींचा लगाम

माझे भाऊजी सुतळी कधी तोडत नसत. मिठाईचा डबा असो की साडीचं पार्सल, ते आधी गाठ शोधून काढत, चष्मा कपाळावर चढवत आणि नखानं ती उकलत बसत. घरातली सगळी मंडळी पेढ्यांकडे डोळे लावून बसलेली. माझी ताई कात्री पुढे करायची. "कात्री कशाले? सुटते ना थे," म्हणून भाऊजी पुन्हा गाठीला लागायचे. सुटलेली सुतळी बोटांवर गुंडाळून खिडकीत ठेवायचे. तिचं पुढे काय व्हायचं, देव जाणे.

माणूसच मुळात सावकाश. बालाघाटच्या सरकारी कचेरीत ते बाबू होते, आणि त्यांच्या टेबलावर आलेली फाइल तिथेच म्हातारी होते, असं साहेब सर्वांसमोर म्हणत. भाऊजीही त्यावर हसत. वारासिवनीची बस डोळ्यांदेखत सुटली तरी ते धावायचे नाहीत. "दुसरी येऊनच राह्यली असंल," म्हणत चहा सांगायचे. ताईचा जीव मेटाकुटीला यायचा. मला मात्र त्यांच्याजवळ बरं वाटे. मी तेव्हा नवा नवा नोकरीला लागलो होतो, दिवसभर कोणाच्या तरी मागे धावत होतो. रविवारी भाऊजींच्या शेजारी बसलं की धाप ओसरायची.

रविवार म्हणजे तलाव. वारासिवनीच्या पलीकडे एका मोठ्या तलावावर आम्ही मासे धरायला जायचो. नाव वाऱ्यावर सोडून द्यायची आणि ती वाहील तसे गळ टाकून बसायचं, ही भाऊजींची पद्धत. पण उघड्या पाण्यावर वारा नाव पळवतो आणि गळ वर येतो. त्यावर त्यांनी तोड काढली होती. लग्नातल्या जुन्या होल्डॉलचं कॅनव्हास कापून ताईकडून एक निमुळती पिशवी शिवून घेतली होती. मोठ्या तोंडाला तारेचं कडं, शेपटाला लहानसं भोक. दोरानं ती नावेच्या नाकाला बांधून पाण्यात सोडली की टम्म फुगायची, नावेचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायची आणि नाव इतकी हळू मागे सरकायची की झोप यावी. या पिशवीला ते लगाम म्हणत. "वाऱ्याले घाई असंल त त्यानं पुढं जावं," असं म्हणून तंबाखू मळायला घ्यायचे.

नाव होती बिसनची. बिसन ढीवर, त्याच तलावावर जाळी टाकायचा. आपली जुनी नाव तो भाऊजींना द्यायचा आणि स्वतः अरुंद डोंग्यात फिरायचा. जाता जाता हाक मारायचा, "बाबूजी, तुमची मच्छी गळानं नाही मरत, बुढापे से मरते!" भाऊजी नुसता हात वर करायचे. संध्याकाळी दोघं काठावर बसून एकाच बंडलातल्या बिड्या ओढायचे. कचेरीत कोणाशी झाली नसेल इतकी दोस्ती त्यांची बिसनशी होती.

वैशाखातल्या एका दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं आणि वारा सुटला. आमचा लगाम पाण्यात होता, त्यामुळे नाव लाटांना नाक देऊन तग धरून राहिली. हाकेच्या अंतरावर बिसन घाईघाईनं जाळं ओढत होता. त्याचा डोंगा आडवा सापडला आणि उलटला. तो वर आला, "बाबूजी!" म्हणून ओरडला. त्याचा पाय जाळ्यात अडकला होता, हे मागून कळलं. वल्हं माझ्या हातात होतं. मी जीव खाऊन मारत होतो, पण भरलेला लगाम नावेला जागचं हलू देईना. "दोर तोडा, भाऊजी!" मी ओरडलो. गळाचा चारा कापायचा चाकू त्यांच्या गुडघ्यापाशीच पडला होता. आणि भाऊजी वाकून गाठ सोडायला लागले. ओली, ताणानं घट्ट बसलेली गाठ. नख निसटायचं, ते पुन्हा लावायचे. मी ओरडत राहिलो, त्यांना काही ऐकू जाईना. गाठ सुटली आणि आम्ही तिथे पोचलो तेव्हा पाण्यावर फक्त उलटा डोंगा होता.

गावानं त्यांना बोल लावला नाही. असा वारा, कोण काय करणार, असंच सगळे म्हणाले. ताईलाही भाऊजींनी तेवढंच सांगितलं. काही दिवसांनी अंगणात बसलो असताना त्यांनी मला हळूच विचारलं, "चाकू तिथंच होता ना रे?"

"मले नाही दिसला," मी म्हणालो.

"मंग तू तोडा तोडा काहून म्हणत होता?"

त्यांना बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं त्यांनी एका वाक्यात माझ्या हातात परत दिलं. त्याची लाज मला अजून आहे.

मग ते बिसनच्या बायकोकडे, फुलाबाईकडे जायला लागले. पहिल्यांदा मीही बरोबर होतो. त्यांनी चाकूचं, गाठीचं, सगळं सांगितलं. ती बिड्या वळत होती. हात थांबले नाहीत, मान वर झाली नाही. "माहीच चूक झाली बाई, मले माफ करजा," भाऊजी म्हणाले. पुढल्या रविवारी ते पुन्हा गेले. सगळा पावसाळा दर रविवारी त्या उंबऱ्यावर बसून तेच बोलणं. दसऱ्याच्या सुमारास एकदा मी पुन्हा बरोबर होतो, तेव्हा तिनं बिडीचं सूप बाजूला ठेवलं.

"बाबूजी, तुमी सांगून मोकळे होता. मंग रातभर मले थे गाठ दिसते. हरेक इतवारी तो पुन्हा बुडते. माह्याजवळ माफी नाही. आता नका येऊ."

ते उठले. बसस्टँडकडे चालू लागले. त्यानंतर तिकडे गेले नाहीत, तलावावरही नाहीत. माणूस आतून कुरतडला जात होता. जेवता जेवता हात थांबायचा, ताई विचारायची, ते म्हणायचे, "काई नाही." निवृत्तीनंतर दोन वर्षांतच गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

सुतकाचे दिवस संपल्यावर भेटायला फुलाबाई आली. एकटी, बसनं. ताई तिला जवळ घेऊन बसली आणि म्हणाली, "त्या पावसाळ्यात तुमच्याकडं दर इतवारी येत होते हे. घरी काईच सांगत नव्हते. काय बोलत होते, बाई?"

फुलाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"काई नाही, बाईजी. चहा पेत होते. बिसनच्या गोष्टी सांगत होते. लय जीव होता त्यायचा त्याच्यावर."

ताई पोटभर रडली. रडून झाल्यावर कितीतरी दिवसांनी नीट जेवली.

मी फुलाबाईला स्टँडवर सोडायला गेलो. राहवलं नाही, विचारलं, "तुमी ताईले खरं काहून नाही सांगितलं?"

"तिनं माहं काय बिघडवलं?"

"मंग भाऊजीले बी माफ केलं म्हणायचं का?"

बस लागत होती. तिनं पदर खोचला.

"थे त गेले. आता माफ करून सांगू कोणाले?"