हद्दीच्या अलीकडचं मागणं

माझा भाऊ समुद्रात पकडला गेला तेव्हा पाण्यावरही हद्द असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शेताला बांध असतो, तलासरीच्या पुढे गुजरात लागतो तिथे पाटी असते. पाण्यावर काय असणार? आम्ही डहाणूजवळच्या कैनाडचे, भात लावणारे. भावाने आधी एक हंगाम धाकटी डहाणूच्या बोटीवर काढला. मग पाड्यातली बाकीची पोरं जातात तसा तोही गुजरातेत ओख्याकडे मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. त्याच थंडीत त्यांची बोट पाकिस्तानवाल्यांनी ओढून नेली. बोटीवर हद्द दाखवणारं यंत्र होतं, पण जाळं पाण्यात असताना बोट कुठे वाहत चाललीय ते बघायला सवड कुणाला असते, असं बोटीचा शेठ नंतर मला फोनवर म्हणाला. जणू माझा भाऊ रस्त्याच्या कडेने चालता चालता गटारात पाय घालून बसला होता.

फोन मला येई, कारण आईकडे फोन टिकत नाही. मी लग्न होऊन तलासरीला आले आणि बसस्टँडजवळ माझं शिलाईचं दुकान आहे. भावाने घरचा नंबर म्हणून माझाच दिला होता. त्यामुळे त्याच्या तुरुंगाची प्रत्येक बातमी आधी माझ्या दुकानात, मशीनच्या आवाजात आली आणि तिथून मी ती कैनाडला आईकडे पोचवली. हे काम मला कधीच जमलं नाही. मी चिडते आणि चिडलेल्या माणसाने बातमी सांगितली की ती आणखी वाईट वाटते.

एकदा पोलीस कैनाडला आले. पकडलेला माणूस आपलाच आहे ना, याची खात्री करायला. आईने चहा केला आणि विचारलं, "माझाच हाय. आता आणता का?" पोलीस भला होता. आजी, ते दिल्लीचं काम आहे, असं म्हणून त्याने चहा संपवला.

दिल्लीचं काम मला दिसायचं ते समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर. देश महासत्ता होणार, आता जग आपल्याला विचारून पाऊल टाकतं, असं तिथे कोट घातलेली माणसं रोज ओरडून सांगत. मी कापड बेतता बेतता ऐकायचे. हद्द ओलांडली म्हणून भावाला तिकडे झालेली शिक्षा केव्हाच संपली होती. पण शिक्षा संपली म्हणून कुणी सुटत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दोन्ही देशांचं बरं चाललं असेल तर सद्भावना म्हणून सोडतात आणि मग अमृतसरजवळच्या सरहद्दीवरल्या फाटकातून चालत येतात. म्हणजे आमच्या घरचा माणूस घरी यायला आधी दोन सरकारांचा मूड बरा हवा. माझ्या सासरी दोन जावांचं एका चुलीवर जमत नाही, आणि म्हणे सद्भावना.

नंतर काश्मीरात तो हल्ला झाला. ते फाटक बंद झालं. मग विमानं गेली, क्षेपणास्त्रं गेली, हॉटेलात लोक टाळ्या वाजवायला लागले. खोटं का बोलू, पहिल्या दिवशी मलाही बरं वाटलं. मारलेल्यांच्या बायकांचे चेहरे मी पाहिले होते. रॅलीसाठी झेंडे शिवायचं काम आलं तेही मी घेतलं. केशरी पट्टीला पांढरी जोडताना एकदम मनात आलं, की आपण इथून काय टाकतोय आणि ते कुणाच्या डोक्यावर पडेल, आणि नाही पडलं तरी तिकडच्या तुरुंगातला शिपाई राग कुणावर काढेल. हे कुणाला सांगणार? टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगितलं असतं तर माझं दुकान बंद पडलं असतं. मी झेंडे पुरे करून दिले.

लढाई थांबली. फाटक काही उघडलं नाही. शेठला मी फोन केला की तो आता टाळायला लागला होता, पण एकदा सापडला. "बेन, आपणी पासे एमना माणस ओछा छे," तो म्हणाला. त्यांची माणसं आपल्या तुरुंगात थोडी आहेत, आणखी असती तर बदल्यात आपली सुटली असती. आई तेव्हा दुकानात बसली होती. तिला गुजराती माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पुढच्या चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आम्ही दोघी गेलो. मी हायवेने आले, आई कैनाडहून टमटमने. रांगेतून पुढे सरकत देवीसमोर पोचलो, तेव्हा आईने नारळ कपाळाला लावला आणि आमच्याकडे बोलतात तसा मोठ्याने नवस बोलली. "आई, त्यांची एक होडी आपल्यात येऊ दे. माणसांनी भरलेली येऊ दे. कोंबडा देईन, ओटी भरीन."

मी लाजेने इकडेतिकडे पाहिलं. बाहेर आल्यावर, सुक्या मासळीच्या दुकानांसमोर मी तिच्यावर घसरले. "आये, तुझा पोर सुटू दे असं मागायचं सोडून हे काय?"

"ते मागल्या खेपेला मागून पायलं," आई म्हणाली. "तिकडं आपल्या देवीचं चालत नाय. तिथं त्यांचे देव. म्हणून हद्दीच्या अलीकडचं मागलं. तेवढं तर तिला जमंल."

मला हसू आलं आणि रडूही आलं. टीव्हीवरच्या कोटवाल्यांना इतकं साधं कळत नव्हतं, की कुणाचं कुठपर्यंत चालतं.

आणि वैशाखात ते घडलं. हॉटेलातल्या टीव्हीवर दाखवलं, कच्छच्या खाडीत आपल्या जवानांनी त्यांची एक बोट पकडली. मी मशीन सोडून रस्ता ओलांडून गेले. मला आनंदच झाला होता. शेठला फोन लावला, त्याने उचललाही, आणि म्हणाला, आता बघू. मोबाइलवर त्या बातमीचा फोटो आला होता. तो घेऊन मी कैनाडला गेले.

फोटोत माणसं ओळीने उकिडवी बसवली होती, डोळ्यांवर पट्ट्या. आईने मोबाइल धरून खूप वेळ पाहिलं. एकाच्या शर्टाची बाही खांद्याशी उसवून पुन्हा जोडलेली होती. मला ते लगेच दिसलं, कारण टाके शिंप्याचे नव्हते. घरातल्या बाईने हाताने घातलेले, जाड दोऱ्याचे होते. मी आईला ते दाखवायला नको होतं, पण दाखवून बसले.

"पोरच हाय," ती म्हणाली. मग मोबाइल माझ्या हातात देत, "नवस फेडाय पायजे."

"भाऊ कुठे आलाय अजून?"

"भाऊ मागलाच नव्हता. होडी मागली, ती तिनं दिली."

ठरलं तसं आम्ही पुन्हा देवळात गेलो. जत्रा उठली होती, तरी मंगळवार असल्याने बऱ्यापैकी रांग होती. बाहेर कोंबडा दिला, आत येऊन ओटी भरली. आता आई भावाचं मागणार, म्हणून मी बाजूला झाले. तिने हात जोडले आणि तशीच उभी राहिली.

"माग ना," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. कुजबुजत बोलली, आमच्या माणसांसारखी मोठ्याने नाही. "बाय, त्या पोराच्या आयसनं काय मागलं असंल? तिचा पण कुणी आधी इकडं अडकला असंल, तिच्या पीरानं सोडवला नसंल. तिनं पण म्हटलं असंल, त्यांची एक होडी इकडं येऊ दे. म्हणून तर आपला धरला."

असं नसतं आये, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, पण कसं असतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं?

"तिचा पोर सोड म्हणून मागू?" तिने विचारलं. "पण तो सुटला तर मग आपल्याला कशाच्या बदल्यात देतील? आणि नको सोडू म्हणून कसं मागू? तू शिकलीस. तू सांग, काय मागू?"

मी खरंच विचार केला. मला दोन्ही पोरं घरी यायला हवी होती. ते मागायला कुणाच्या दारात जायचं ते मला माहीत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, आजी, चला पुढे, लाइन थांबलीय.

आईचे हात जोडलेलेच होते. तिने देवीकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काहीच न मागता पुढे सरकली.