आधी त्यांच्या भाषेत

"थांब, आधी त्यांना त्यांच्या भाषेत म्हणू दे."

भाषांतराच्या बटणाकडे माझा हात गेला, की काका तो अलगद बाजूला करायचे. समोर एका पोलिश वर्तमानपत्राचं पान. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नसे. तरी चष्मा पुसून, टेबलावर तळहात पालथा ठेवून ते पान वरपासून खालपर्यंत बघत. मग म्हणत, "हं, आता कर मराठी."

ही सवय बँकेतली. पुण्याहून इकडे बंगालमध्ये बदली होऊन एस्प्लनेडच्या शाखेत आले तेव्हा त्यांना बंगाली येत नव्हतं. काउंटरपलीकडचा माणूस तावातावाने तक्रार करायचा. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि तो थांबला की शिपायाला विचारायचे, "उनि की बोललेन?" ते काय म्हणाले, एवढं एकच वाक्य त्यांनी शिकून घेतलं होतं. "मधे तोडायचं नाही कुणाला," ते सांगत. "अर्धी तक्रार ऐकून घेतल्यानेच मिटते." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना साधी म्हणतो आणि पुढे जातो.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. माझे बाबा सरकारी कंपनीत युनियनचं काम करायचे. पाहुणा आला की आमच्याकडे आधी खुर्चीवरचा पत्रकांचा गठ्ठा उचलावा लागे. 'जाहीर निषेध' हे शब्द वाचतच मी अक्षरं शिकले. जिन्यात भेटले की काका विचारत, "काय पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?"

मग त्यांचा मुलगा गेला. पोलंडमधल्या एका गावात, गोदामात कामाला होता. सामानाचा लोखंडी रॅक त्याच्यावर कोसळला. कंपनीचं एक पानी इंग्रजी पत्र आलं: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. काकू म्हणाल्या, "निष्काळजी? तो बुटाची नाडी दोनदा बघितल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही."

मी पेटले. त्या गावच्या वर्तमानपत्रातली बातमी शोधून काढली आणि काकांच्या कॉम्प्युटरवर भाषांतराचं एक्स्टेन्शन बसवून दिलं. बटण दाबलं की अख्खं पान मराठीत. त्या रॅकबद्दल कामगारांनी आधीच तक्रार केली होती, असं बातमीत होतं. मला हवं ते मिळालं. मी पत्रक लिहिलं, वकिलातीकडे अर्ज केले, न्यू टाउनमधल्या माझ्या ऑफिसात टेबलाटेबलावर जाऊन सह्या गोळा केल्या.

काकांना हवं ते बातमीच्या खाली होतं. वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये एका बाईने लिहिलं होतं: 'त्या पाळीला मी होते. तो एकटा नव्हता.'

"वा, साक्षीदार मिळाली!" मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

काही दिवसांनी म्हणाले, "मी विचारलंय तिला. तो शेवटी काही बोलला का, म्हणून."

"मग?"

"येईल उत्तर. आपण त्यांचं वाचतो ना, तेही आपलं वाचतील."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते पुढच्या पत्रकात छापलं. ते असं का म्हणाले, हे मात्र विचारलं नाही.

रोज सकाळी बाजारातून आले, की पिशवी दारातच ठेवून ते पान उघडत. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "आलं का हो उत्तर?"

"नाही अजून. त्यांनाही घरदार आहे."

असं वर्ष गेलं. थंडी सरता सरता काकाही गेले, सकाळच्या चहानंतर, त्याच खुर्चीत.

तेराव्यानंतर काकू वर आल्या. "तूच बघ गं ते पान. मला त्यांचा कॉम्प्युटर उघडवत नाही."

माझ्या लॅपटॉपवर एक्स्टेन्शन नव्हतं. पान पोलिशमध्येच उघडलं. खाली जात गेले आणि त्या बाईच्या दोन ओळींखाली एकदम देवनागरी सुरू झाली.

'ताई, तो माझा मुलगा होता. शेवटी काही बोलला का?'

'ताई, तिकडे थंडी फार असेल. सवडीने लिहा.'

'ताई, त्याला पाणी मिळालं होतं का, एवढंच सांगा.'

'नववर्षाच्या शुभेच्छा.'

वर्षभर ते मराठीतच लिहीत होते. मी दिलेल्या बटणाने पान फक्त त्यांच्या पडद्यावर मराठी होत होतं. तिकडे कुणाला त्यातलं काही कळण्याची सोय नव्हती. आपण घेतो तेवढी तसदी समोरचाही घेत असणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. जग तेवढं सभ्य असायलाच हवं होतं. बेपर्वाईबद्दल परदेशातल्या कंपनीला जाब विचारणाऱ्या मला मात्र एक मजला उतरून "काका, कुठल्या भाषेत विचारलंत?" एवढंही विचारायचं सुचलं नाही.

त्यांचा पहिला प्रश्न मी पोलिशमध्ये करून त्या ओळींखाली टाकला. ते आता नाहीत, हेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लॅपटॉपवर आता मीही एक्स्टेन्शन घेतलं होतं. तो घेऊन खाली गेले, काकांच्या टेबलावर ठेवला. बटण दाबणार तोच काकूंनी माझा हात धरला.

"थांब. आधी तिला तिच्या भाषेत म्हणू दे."

आम्ही दोघी त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे बघत बसलो. मग काकूंनी मान डोलावली आणि मी बटण दाबलं.

'तो बोलत होता. पुष्कळ बोलला, पण त्याच्या भाषेत. मला एकही शब्द कळला नाही. मी त्याचा हात धरून नुसती हो, हो म्हणत राहिले. इथली ही अक्षरंही मी बघत होते. वाटलं, कुणी त्याच्यासाठी प्रार्थना लिहितंय. मधे बोलू नये. मला माफ करा.'

काकूंनी पदराने पडदा पुसला. तो स्वच्छच होता. मग खुर्चीकडे वळून, स्वयंपाकघरातून विचारायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या,

"अहो, आलं उत्तर."