मी डोलकाठी तोडली तो दिवस

तरुणपणी माझा भरवसा अल्लाहपेक्षा आमच्या गलबताच्या सागावर जास्त होता, हे आज कबूल करतो. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत पणजोबांनी ते रत्नागिरीच्या खाडीत बांधून घेतलं. तेव्हापासून चार पिढ्या आमची माणसं त्यातून कौलं आणि लाकूड कुवेतला नेत, येताना बसऱ्याचा खजूर आणत. आगबोटी आल्या, कुवेतच्या होड्यांनाही इंजिनं बसली. आमचं गलबत मात्र शिडावरच चाललं. धक्क्यावर म्हातारे अरब नाखवे त्याच्या फळ्यांवरून हात फिरवत आणि गलबताचा तांडेल म्हणून माझी छाती फुगे.

पन्नासच्या दशकातली ती फेरी. कुवेत अर्ध्या दिवसावर असताना भर दुपारी उत्तरेचा शमाल वारा सुटला. धुळीत स्वतःचं शीड दिसेना. फैलका बेटाजवळ गलबत खडकावर चढलं, गलबताची छोटी होडी वाहून गेली. आम्ही नऊ जण. प्रत्येक लाटेसरशी डोलकाठी हेलकावे खाई आणि तळाच्या फळ्या उकलत.

"काठी तोड," माझे मामू म्हणाले. तीस वर्षं ते याच गलबतावर खलाशी होते. "नाहीतर ती तळ फाडील."

"पणजोबांनी उभी केलेली काठी मी तोडू, मामू?"

"काठी त्यांनी उभी केली. वारा कुणी उभा केला?"

मी कुऱ्हाड घेतली. घाव घालताना रडत होतो. "या अल्लाह, गलबत तुझं, माणसं तुझी," एवढंच तोंडातून निघालं. काठी कोसळली तसं गलबत जरा स्थिरावलं. थोड्या वेळानं धुळीतून हाक आली. बेटाच्या आडोशाला नांगर टाकून बसलेला एक म्हातारा कुवेती कोळी होडी घेऊन आला होता. मुंबईला जाऊन-येऊन त्याला थोडी हिंदी येई.

"हम टक-टक सुना," तो म्हणाला. "समुंदर में लकडी कौन तोडता है?"

नववा माणूस होडीत उतरेपर्यंत त्या जुन्या सागानं दम धरला. मग गलबत कुशीवर वळलं आणि गेलं. इतक्या वर्षांत त्यानं एकही माणूस समुद्राला दिला नाही, त्या दिवशीसुद्धा नाही. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. पण ती काठी मी हट्टानं राखली असती, तर त्या कोळ्याला काय ऐकू आलं असतं?

संध्याकाळी बेटाच्या वाळूवर मामूंच्या शेजारी नमाजाला उभा राहिलो. दुआसाठी हात वर केले, आणि मागायचं काही आठवेचना.