पट्ट्यांची खाट

वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगवर देखरेख करायचं माझं काम आहे. खोकी पॅलेटवर रचायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची, गाडीत चढवायची. बाहेरून आलेल्या मालाच्या पट्ट्या कापून खोकी सोडवायची. या कापलेल्या पट्ट्यांचा कोपऱ्यात ढीग होतो. पिवळ्या, निळ्या, काळ्या, पांढऱ्या. त्या पायात अडकतात आणि झाडूला जुमानत नाहीत. एकदा वैतागून मी एक गठ्ठा उचलून पिंपात कोंबत होते, तर त्यातल्या चार-दोन पट्ट्या एकमेकींत अशा गुंतल्या की सुटेनात. ओढल्या तर आणखी घट्ट बसल्या. जेवणाच्या सुट्टीभर मी तेच करत बसले. सुट्टी संपली तेव्हा माझ्या हातात तळहाताएवढा चटईचा तुकडा होता. गाठ नाही, डिंक नाही, शिवण नाही, आणि तरी तो सुटत नव्हता. तो कशाच्या जोरावर धरून होता, हे मला कितीतरी वेळ उलटसुलट करूनही कळेना.

तोवर मला कसलाही छंद नव्हता. भरतकाम येत नाही, रांगोळी वाकडी येते. पण त्या तुकड्याने मला धरलं. पुढे मी टोपली विणली, भाजीची पिशवी विणली, दाराशी चपलांसाठी परडी विणली. गोडाऊनमधल्या बायका म्हणायच्या, मॅडम दिवसभर पट्ट्या कापतात आणि घरी जाऊन त्यांचीच भाजी करतात. मग त्यांच्यातल्याच दोघी-तिघी एकेकट्या येऊन पिशवी मागून गेल्या.

शिफ्ट संपवून घरी आले, चहा झाला की मी विणायला बसायची, आणि दर वेळी तेच व्हायचं. आधी नुसत्या सुट्या पट्ट्या, अंगावर येणाऱ्या, ऐकत नसलेल्या. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. मग कुठल्यातरी ओळीनंतर त्या पट्ट्या राहत नाहीत, त्यांची वस्तू होते. ती ओळ नेमकी कुठली, हे मला अजून पकडता आलेलं नाही. आमच्या बिल्डिंगच्या मागे लूमचा खटखटाट चालतो. लग्न होऊन आल्यापासून तो माझ्या कानात आहे. लाइट गेली की थांबतो, तेव्हाच त्याची आठवण होते. सूत वर, सूत खाली, एवढंच त्या आवाजात चाललंय आणि एवढ्यातूनच ठाणभर कापड निघतंय, हे माझ्या हाताला कळलं ते पिशवी विणताना. अख्खं शहर रात्रंदिवस हे करत होतं आणि मी त्याला कटकट म्हणत होते.

त्याच सुमारास आई माझ्याकडे आली, तेही मनाविरुद्ध.

अंबाडी नाक्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव. वडील गेल्यानंतर ती तिथे एकटीच राहायची. एका सकाळी परसात घसरून पडली आणि दुपारी शेजारीण ताक मागायला आली तेव्हा सापडली. तोवर उन्हात तशीच पडून होती. मी तिला इकडे आणली. मोडलेलं हाड जुळलं, ती चालायला लागली, आणि चालायला लागल्या दिवसापासून घरी जायचं म्हणू लागली. माझा भाऊ कोन गावात राहतो, टेम्पो चालवतो. त्याच्याकडून तिने कबूल करून घेतलं की पंधरवड्यानंतरच्या रविवारी यायचं आणि तिला गावी सोडायचं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आपण नाही म्हटलं तर ती एसटीने जाईल. खरंच गेली असती. पुन्हा पडली तर त्या दिवशीही कोणाला तरी ताक हवं असेल, असं थोडंच आहे.

माझ्याकडे तिला खायला-प्यायला कमी नव्हतं. अडचण झोपेची होती. आमच्याकडे पलंग आहे आणि त्यावर जाड गादी. तिच्यावर ती दोन दिवस झोपली आणि मग खुर्चीत बसून रात्र काढायला लागली.

"गादी माणसाला गिळते," ती म्हणाली. "बुडाले का वर यायला धरू काय?"

जमिनीवर झोपली तर उठता येत नव्हतं. तिला सवय होती खाटेची, वडिलांनी काथ्याने विणलेल्या. ती खाट गावी होती, पण वाळवीने पाय खाल्लेले आणि काथ्या कुजून मध्ये भोक पडलेलं. आमच्या गावात खाट पुरुष विणत. बायका काथ्या भिजवून द्यायच्या आणि टोक धरून उभ्या राहायच्या. म्हणजे आईला खाट विणता येत नव्हती, भावाला वेळ नव्हता, आणि मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी फार विचार केला नाही. आईला झोप हवी, झोपेला खाट हवी, खाटेला पट्ट्या चालतील, आणि पट्ट्यांचा ढीग माझ्याच ताब्यात आहे. मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, न्या, भंगारवालासुद्धा त्याला नाक मुरडतो. खाटेची लाकडी चौकट पायांसकट बाजारात मिळाली. लूमवर काम करणारे लोक घेतात म्हणून अशा चौकटी इथे अजून मिळतात. नवऱ्याने सोफा भिंतीला सरकवून दिला आणि कामात मदत लागेल या भीतीने खाली जाऊन बसला.

रविवारी सकाळी मी सुरुवात केली. आधी उशापासून पायथ्यापर्यंत उभ्या पट्ट्या. मग आडवी पट्टी, दोन वर, दोन खाली. पुढच्या ओळीत तसंच, फक्त एक घर सरकायचं. मध्यावर आलं की उलटं सरकायला लागायचं. एवढंच मी फोनवर बघून ठेवलं होतं. आई खुर्चीत बसून बघत होती. दुपारपर्यंत पिवळ्या-निळ्यातून मोठमोठे शंकरपाळे उमटले. मी शंकरपाळे विणलेच नव्हते. मी फक्त सरकत गेले होते. आईने पुढे वाकून एका शंकरपाळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं की हे कुठून आलं. मी पुढची पट्टी उचलली.

चूक केली ती पुढेच. पट्टी आवळायचं हातमशीन मी गोडाऊनमधून मागून आणलं होतं. आमच्या कामात एकच धर्म आहे, सैल म्हणजे वाईट. सैल पट्टीचा माल रस्त्यात हलतो, हलला की फुटतो. मी प्रत्येक पट्टी मशीनने आवळली, करकचून, पार पायथ्याच्या लाकडापर्यंत, आणि क्लिपा मारल्या. खाट इतकी ताठ झाली की वर टिचकी मारली तर डफासारखी वाजत होती. मला अभिमान वाटला. मग लक्षात आलं की चौकट पिळली गेलीय आणि एक पाय जमिनीला टेकत नाहीये. तरीही आई आडवी झाली. खाट खडखडली. तिने छताकडे बघत विचार केला आणि म्हणाली, "पेटी बांधलीस. आता वर पत्ता लिही न् धाड मना."

मी हसले नाही. ती उठून परत खुर्चीत बसली आणि मी त्याच दुपारी सगळ्या क्लिपा कापल्या.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनमधून येताना मी रिक्षा लूमच्या शेडपाशीच सोडली. शेडच्या बाहेर कामगारांच्या खाटा पडलेल्या असतात. रोज त्यांच्यावरून नजर जाते. त्या दिवशी मी एका रिकाम्या खाटेपाशी उकिडवी बसून खालून बघू लागले. शेजारच्या खाटेवर पडलेल्या माणसाने मान उचलली. "दीदी, नीचे कुछ नहीं है," तो म्हणाला, "बिल्ली थी, वो भी ड्यूटी पे गई।" आणि कुशीवर वळला.

पण खाली होतं. विणकाम पायथ्यापर्यंत जातच नव्हतं. वीतभर आधी एका जाड दोरीवर संपत होतं, आणि ती दोरी पायथ्याच्या लाकडाला दुसऱ्या दोरीच्या नागमोडी फेऱ्यांनी बांधलेली होती. मधली जागा मोकळी. खाट झोळ खायला लागली की तेवढी दोरी ओढायची, सगळं परत ताणलं जातं. दोरी सैल केली की सगळं परत मऊ. मी तिथे बसल्या बसल्या थक्क झाले. ज्याने हे पहिल्यांदा केलं असेल त्याने खाट विणताना मुद्दाम ती अपुरी सोडली. झोपणारा बदलेल, हवा बदलेल, दोरी ढिली पडेल, हे सगळं त्याने धरलं होतं आणि त्या सगळ्यासाठी वीतभर जागा ठेवली होती. मी असल्या खाटांवर लहानपणी झोपले, उड्या मारल्या, पायाकडच्या त्या फटीत पाय घालून बसले. ती फट तिथे का आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो आठवडा रोज संध्याकाळी मी विणलं, मशीन न लावता, फक्त हाताने ओढून. शनिवारी पायाकडे नायलॉनची दोरी ओवली आणि आईला झोपायला सांगितलं. ती झोपली. मी खाली फरशीवर पाठीवर सरकत खाटेखाली गेले, कुठली पट्टी निसटतेय का ते बघायला.

तिथून जे दिसलं ते सांगणं अवघड आहे, पण सांगते. माझ्या तोंडाच्या वर हातभर अंतरावर आईचा आकार होता. खांदे, पाठीचा बाक, कंबर, टाचा, जसे ओल्या मातीत पाय उमटतात तसे पट्ट्यांमध्ये उमटलेले. कंबरेपाशी शंकरपाळे ताणून मोठे झाले होते, मानेखाली तसेच लहान. ती श्वास घेई तसा सगळा पट किंचित वर जाई आणि खाली येई, आणि थेट चौकटीच्या लाकडापर्यंत प्रत्येक पट्टी थोडीशी हलत असे. एकही पट्टी एकटीने भार घेत नव्हती. जी आईच्या अंगाला लागलेलीच नव्हती, अगदी कडेची, तीसुद्धा आपला वाटा उचलत होती. कचऱ्यातून उचललेल्या पट्ट्या. जिच्या पोटी मी जन्मले ती अख्खी बाई त्यांनी अधांतरी झेलली होती, आणि त्यात कुठे गाठ नव्हती. मी देवळातही इतकी गप्प होत नाही.

वरून आवाज आला, "मेलीस का खाली?"

"नाही."

"कंबरंला धर. खांद्याला सोड."

मग आम्ही कामाला लागलो, ती वरून, मी खालून. ती सांगायची कुठे टोचतंय, कुठे खड्डा वाटतोय. मी पट्टी एकेक घर ओढत कडेपर्यंत नेऊन सैल करायची किंवा घट्ट. तिला विणकाम येत नव्हतं, पण कुठे किती हवं ते तिच्या पाठीला माहीत होतं आणि त्यात ती कुठलीही तडजोड करत नव्हती. थोडं अजून. थोडं परत. हां, आता पायाची दोरी ओढ. नको, जास्त झाली. माझी बोटं सोलली. शेवटी ती काही बोलेना. मी बाहेर येऊन बघितलं तर डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत होती. झोपून बघ, मी म्हटलं. बघते, ती म्हणाली. त्या रात्री खुर्ची रिकामी होती की नाही, हे मी मुद्दाम उठून बघितलं नाही.

रविवारी सकाळी तिने पिशवी भरली, लुगडी, औषधं, चष्म्याची डबी. नवी वहाण काढून दाराशी ठेवली. मला वाटलं, ही जाणार. खाट टेम्पोत टाकून देऊ, निदान तिथे नीट झोपेल. मग झोपेतून उठून परसात जाईल. त्याच्यापुढे मी विचार थांबवला आणि डाळ शिजत लावली.

भावाला यायला उशीर झाला. आई म्हणाली, तोवर पाठ टेकते. तो आला तेव्हा ती गाढ झोपलेली होती, तोंड किंचित उघडं, एक हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबणारा. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याने चहा प्यायलो आणि कुजबुजत बोललो. खाली गल्लीत टेम्पो आडवा लागला होता, कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभा राहिला. भाऊ धावत जाऊन टेम्पो हलवून आला. आई उठली नाही. मागे लूम चालू होते, वरच्या मजल्यावर कोणीतरी मसाला कुटत होतं. आई उठली नाही. भावाने खाटेजवळ बसून वाकून खालून बघितलं, एका पट्टीला बोट लावलं, आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. लहानपणी आम्ही दोघं वडिलांना काथ्या ओढताना असेच बघायचो.

जेवणाची वेळ टळायला आली तेव्हा तिला जाग आली. ती उठून बसली, हाताला काही न धरता. भावाला बघून तिने पदर सारखा केला आणि कधी आलास म्हणून विचारलं. तो म्हणाला, झाला बराच वेळ, निघायचं का? पिशवी खाली नेऊ?

आईने पिशवीकडे बघितलं. मग तळहाताने खाट चाचपली, उशापासून पायापर्यंत, हात पोचेल तिथवर.

"डाव्या अंगाला ढिली झालेय," ती मला म्हणाली. "उद्या कामावरून आलीस का ओढ."

"उद्या?" मी विचारलं.

"मंग आज कुठं वेळ हाय तुला? पोरगा कवाचा उपाशी बसलाय, त्याला वाढ आधी."

भावाने टेम्पोची किल्ली खिशात टाकली आणि हात धुवायला गेला.