डोहातला सुरुंग

चुडामण भोई मुळातच तापट. दोंडाईच्याच्या उत्तरेला, तापीकाठच्या त्याच्या गावात त्याच्याशी वाद घालायला कोणी धजत नसे. तरी गळाने मासे धरायचे शौकीन त्याच्याचकडे येत. शनिवारी आगगाडीने उतरायचं, बैलगाडीने नदी गाठायची. मग चुडामण त्यांना नावेतून पलीकडच्या दरडीखाली डोहावर नेई, मासा कुठे बसतो ते दाखवी, राहुटी ठोकून देई आणि रविवारी परतीच्या गाडीला वेळेवर आणून सोडी.

डोहाचा एक नेम होता. उन्हाळ्यात तापी आटली की भोयांची घरं त्याच डोहावर जगत. म्हणून वैशाख लागेपर्यंत तिथे कोणी जाळं टाकायचं नाही. पाहुण्यांना तो आधीच बजावे, "गळले लागी तोच मासा ल्या. दुसरं काही नही."

सत्तार हा त्याचा जुना पाहुणा. दोंडाईच्यात बांगड्यांचं दुकान. चुडामणच्या लेकीच्या लग्नात सगळ्या बायकांचे हात त्यानेच भरले होते. एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात तो दोन दोस्तांना घेऊन आला. एक त्याचा मावसभाऊ हबीब आणि दुसरा धुळ्याचा जीवराम, सडकेच्या कामाचा ठेकेदार.

शनिवारी मासा रुसला. कणकेच्या गोळ्या पाण्यात विरघळून गेल्या. सांजेला जीवरामच्या गळाला एक मोठा महसीर लागला, त्याची काठी पार वाकली आणि दोर तटकन तुटला. हबीब हसला. जीवराम मात्र हसला नाही. "धुळ्यात सगळ्यांना सांगून आलोय, मासा घेऊन येतो म्हणून," एवढंच तो म्हणाला आणि राहुटीत जाऊन पडला.

सकाळी चुडामण भाकरी आणायला नाव घेऊन अलीकडे गावात आला. बायको, कुंदाबाई, भाकऱ्या फडक्यात बांधत होती, तोच नदीकडे धडाका झाला. भिंतीवरची धूळ खाली आली. सडकेचे दगड फोडायला असा बार उडवतात, हे त्याने ऐकलेलं होतं. भाकऱ्या तशाच टाकून तो धावला.

नाव डोहात शिरली तेव्हा वल्ह्याला मासे अडत होते. पांढरी पोटं वर करून महसीर, मरळ, वांब. आणि मध्ये बोटाएवढी पिल्लं, पाण्यावर भुसा सांडावा तशी. जीवराम गुडघाभर पाण्यात उभा राहून मोठे मासे तेवढे काठावर फेकत होता.

"ये, ये चुडामण! तुझा वाटाही काढलाय," तो म्हणाला.

हातातलं वल्हं उचलावं आणि याच्या टाळक्यात घालावं, असं चुडामणला वाटलं. पण त्याची नजर सत्तारवर गेली. सत्तार दरडीशी उकिडवा बसून खाली बघत होता.

"तू गप काबरं बसना?" चुडामण ओरडला. "याले अडावता नही उनं तुले?"

"मी म्हटलं त्याला, नको म्हणून," सत्तार पुटपुटला. "ऐकलं नाही त्यानं."

चुडामणने नाव पाण्यात मागे ढकलली आणि डोहाच्या मध्यावर नेऊन उभी केली. "बठ्ठा मासा येचा! धाकला पिल्लं बी. तवलगून नाव हालाव नही!" पिल्लांसकट सगळे मासे वेचल्याशिवाय तो कोणालाच अलीकडे नेणार नव्हता.

जीवरामने आईबहिणीवरून शिव्या दिल्या, पोलिसाचं नाव घेतलं. चुडामण जागचा हलला नाही. शेवटी जीवराम हबीबला घेऊन दरड चढला आणि कोसभर वर, पायी नदी ओलांडता येई त्या उताराकडे तणतणत निघून गेला. सत्तार मात्र विजार वर खोचून पाण्यात उतरला. ऊन कलेपर्यंत तो ओंजळी भरभरून पिल्लं काढत होता. कुजका वास सुटला, त्याला ओकारी आली, तरी थांबला नाही. संध्याकाळी चुडामणने त्याला अलीकडे आणून सोडलं.

जीवरामने फिर्याद दिली: नावाड्याने भल्या माणसांना अडवून ठेवलं. चावडीवर फौजदाराने सत्तारला विचारलं, "सुरुंग कोणी लावला?"

सत्तारने जीवरामकडे पाहिलं. "साहेब, मी झोपलो होतो. आवाजानं जाग आली."

चुडामणला कोठडी झाली; पण कोठडीपेक्षा त्याला सत्तारचं हे खोटं जास्त झोंबलं. सुटून आला तर नाव दुसऱ्याकडे गेलेली. त्या उन्हाळ्यात भोयांची जाळी कोरडीच राहिली. बाया कापसाच्या जिनात सरकी उपसायला गेल्या, कुंदाबाईसुद्धा. संध्याकाळी तिच्या केसांत अडकलेला कापूस दिसला की चुडामण ताट ढकलून उठे.

पुढल्या वर्षी भोयांनी डोहावर पहारा बसवला. दरडीवर काठी घेऊन चुडामणच बसे. चैत्रात सत्तार एकटाच आला.

"पिशवी उलटी कर," चुडामण म्हणाला.

सत्तारने वाळूत पिशवी उपडी केली. रोट्या, तंबाखू, कणकेचा गोळा. चुडामणने रोट्यासुद्धा काठीने बाजूला सारून पाहिल्या.

"मी खोटं बोललो, चुडामणभाऊ. त्या ठेकेदाराशी माझं—"

"गळ टाकना शे का नही?"

सत्तारने गळ टाकला. दुपारी मासा लागला आणि जुन्या सवयीने तो ओरडला, "चुडामणभाऊ, धर, धर!" चुडामण दरडीवरून हलला नाही. सत्तार एकट्यानेच मासा ओढत पाण्यात दोनदा पडला. चुडामण काठीने माती उकरत राहिला, फार जोराने.