चौदा नंबरची स्लाइड

खोटी टिक मी आयुष्यात एकदाच केली. ती नेमकी एका मुलीच्या पीएच.डी.च्या मुळावर उठली, म्हणून सांगते.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यात एका प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. काम म्हणाल तर कात्रीचं. पेशीचा मायक्रोस्कोपखाली काढलेला काळा-पांढरा फोटो घ्यायचा, त्यातलं एकेक गुणसूत्र कापायचं आणि ओळखून कागदावर नंबराप्रमाणे चिकटवायचं. नातेवाईक विचारायचे, अजून कात्रणंच कापतेस का गं? मी म्हणायचे, हो, बालवाडीतून बढती मिळालेली नाही.

आमच्याकडे एक मुलगी पीएच.डी. करत होती. सदाशिव पेठेत तिघींत मिळून एक खोली, सकाळी साडेआठला प्रयोगशाळेत हजर. पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर एक प्रोटीन असतं. ते बनवणारा जीन माणसाच्या कुठल्या गुणसूत्रावर बसलाय, हे तिला शोधायचं होतं. त्याची रीत गमतीची आहे. माणसाची पेशी आणि उंदराची पेशी एकत्र करायची. ही मिश्र पेशी वाढता वाढता उंदराची गुणसूत्रं सांभाळते आणि माणसाची टाकून देत जाते. कुणाकडे तीन उरतात, कुणाकडे सात, आणि तीही प्रत्येकीकडे वेगळी. मग ते प्रोटीन कुठल्या पेशींवर चमकतं ते तपासायचं आणि त्या सगळ्यांत समान गुणसूत्र कोणतं ते बघायचं. चमक तिने तपासायची, गुणसूत्रं मी; कागदावर माणसाची एका ओळीत, उंदराची दुसऱ्या.

तिने अशा पेशींचे एकवीस प्रकार वाढवले होते. विसांनी एकमुखाने सांगितलं, अकरा नंबर. अकरा आहे तिथे चमक, नाही तिथे काही नाही. चौदाव्याने मात्र घोळ घातला. चमक लख्ख, आणि माझ्या कागदावर अकरा नाहीच.

ती माझ्यापाशी आली आणि चौदा परत बघाल का, असं अगदी हळू विचारलं. माझा पारा चढला. तू दुपट्यात होतीस तेव्हापासून मी हे मोजतेय, असं तिला ऐकवलं. ती आपल्या टेबलाकडे परत गेली. मग सरांनी, म्हणजे तिच्या गाईडनी, निष्कर्ष काढला की चमक तपासताना हिने नळ्यांची अदलाबदल केली. एक नळी चुकली तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा, सगळं पहिल्यापासून करा, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. सगळं म्हणजे एक वर्ष. तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती, आणि पुढचं वर्ष घरून खर्च झेपणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ऐकून घेतलं आणि डबा खायला गेले.

त्याच रविवारी धायरीला माहेरी गेले होते. आमच्या उरल्यासुरल्या रानाची सरकारी मोजणी होती. जमीन मोजली तर चार गुंठे कमी भरली. मी म्हटलं, गेली म्हणायची आता. मोजणीवाले मग शेजारच्या रानात गेले, तेव्हा उलगडा झाला. शेजारी दरवर्षी नांगरताना बांध थोडा थोडा कोरत आला होता. माझे वडील, आबा, शांतपणे म्हणाले,

"गेली न्हाय गं. त्याच्या रानात हाय. त्याचीच दिसती, म्हणून कळत न्हाय एवढंच."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. मी अकरा नंबर माणसाच्या ओळीत शोधला होता. उंदराच्या ओळीत शोधलाच नव्हता.

प्रत्येक प्रकाराची एक रंगीत स्लाइडही असायची. त्या रंगात उंदराची गुणसूत्रं गुलाबी दिसतात, माणसाची फिकट निळी. ती पाहून कागदावर 'रंग पाहिला' या चौकटीत टिक करायची. चौदाच्या चौकटीत माझी टिक होती, आणि मी ती स्लाइड पाहिलेली नव्हती. घाई नव्हती हो, गुर्मी होती. इतक्या वर्षांत रंगाने माझ्या डोळ्यांना कधी खोटं पाडलं नव्हतं, म्हणून.

सोमवारी सकाळी सर्वांच्या आधी जाऊन ती स्लाइड लावली. एक लांबलचक गुलाबी गुणसूत्र, आणि त्याच्या टोकाला तुटून चिकटलेला निळा तुकडा. फोटोतले पट्टे जुळवून पाहिले, अकराचंच टोक. तोच तुकडा मी स्वतःच्या कात्रीने कापून उंदराच्या ओळीत चिकटवला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मला स्वतःची लाज वाटली.

सगळे जमल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं, चूक माझी आहे, मी न बघता टिक केली, हिच्या नळ्या बरोबर होत्या. सरांनी स्लाइड पाहिली आणि चक्क खूश झाले. आता जीन अकराच्या कुठल्या टोकाला आहे तेही कळलं म्हणे! तिला जे बोलले होते त्याबद्दल अवाक्षर नाही. मी तिच्याकडे वळून माफी मागितली. ती माझ्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन उभी होती.

"ताई, बाकीच्या वीस स्लाइडी मी बघते. तुम्ही फक्त शेजारी बसा," ती म्हणाली.

चार दिवस लागले. ती एकेक स्लाइड लावायची, निवांत बघायची आणि माझ्या टिकेशेजारी स्वतःच्या पेनाने दुसरी टिक करायची. मी स्टुलावर बसून तिला पुढची स्लाइड देत होते. तिचा प्रबंध आता मार्चच्या आत जाणार होता, त्याची काळजी उरली नव्हती. माझ्या विसाच्या वीस टिका बरोबर निघाल्या. शेवटची झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं, दिवा बंद केला आणि सामान आवरलं. बरोबर होत्या हो ताई, एवढं तरी ती म्हणेल म्हणून मी स्टुलावर बसून राहिले. ती "येते" म्हणून गेली.